तीन टनांखालच्या भट्ट्या आणि १५० ची अट: बेळगावच्या फौंड्री पट्ट्यातलं एक प्रकरण

राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून नूतनीकरण होऊन आलेल्या संमतीपत्रात बाकीच्या अटी जुन्याच होत्या. बदलली होती एकच ओळ: क्युपोलाच्या, म्हणजे कोकवर लोखंड वितळवणाऱ्या उभ्या भट्टीच्या, चिमणीतून बाहेर पडणारे धूलिकण प्रति नॉर्मल घनमीटर १५० मिलिग्रॅमच्या आत आणावेत, मुदत सहा महिने. आधी तिथे ४५० होतं. उद्यमबाग, अनगोळ, मच्छे भागातल्या पंधरा-वीस लहान फौंड्र्यांच्या कागदावर हीच ओळ आली आणि आठवड्याभरात विषय फौंड्रीवाल्यांच्या संघटनेच्या बैठकीत पोचला.

हे प्रकरण कुठल्या एका संघटनेचं किंवा एका वर्षाचं नाही. बेळगाव परिसरातल्या फौंड्रीवाल्यांपुढे जे प्रश्न येतात ते एकत्र करून ते रचलं आहे. चाचणीचे आणि खर्चाचे आकडे हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत. कायद्याची कलमं, मानकं आणि मुदती मात्र जशा आहेत तशाच दिल्या आहेत.

नियमात नेमकं काय आहे

पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या पहिल्या अनुसूचीत फौंड्रीची मानकं आहेत. ताशी तीन टनांपेक्षा कमी वितळवणाऱ्या क्युपोलाला ४५०, तीन टन आणि त्यावरच्याला १५०. विजेवर चालणाऱ्या इंडक्शन आणि आर्क भट्टीला आकार कोणताही असो, १५०. क्युपोलाची चिमणी चार्जिंग दाराच्या वर भट्टीच्या व्यासाच्या निदान सहापट हवी. सल्फर डायऑक्साइडला ३०० ची मर्यादा आहे, तीही वायूत १२ टक्के कार्बन डायऑक्साइड धरून हिशेब केलेली.

मग राज्य मंडळ लहान भट्टीला १५० लावू शकतं का? लावू शकतं. त्याच नियमांतल्या नियम ३(२) प्रमाणे राज्य मंडळाला अनुसूचीपेक्षा कडक मानक ठरवता येतं. पण ते ज्या हवेत किंवा पाण्यात प्रदूषण जातं तिची स्थिती पाहून आणि कारणं लेखी नोंदवून. नियम ३(३) प्रमाणे असं मानक पाळायला एक वर्ष मिळतं. स्थानिक परिस्थिती पाहून मंडळ आदेशानं ती मुदत कमी करू शकतं.

संघटनेच्या हातातलं खरं हत्यार या दोन वाक्यांत आहे. नोंदवलेली कारणं मागायची आणि वर्षाची मुदत मागायची. बाकीचा युक्तिवाद मोजमापावर उभा करावा लागतो. कारणं मागताना एक प्रश्न हमखास विचारला जातो: कुठल्या हवेच्या नोंदीवरून हे ठरवलं? २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातल्या खराब हवेच्या शहरांच्या यादीत कर्नाटकातून बंगळूर, दावणगेरे, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गी होती, बेळगाव नव्हतं. हा मुद्दा मांडावा, पण बेतानं. यादीत नाव नाही म्हणून हवा चांगली ठरत नाही, आणि मजगाव-अनगोळच्या गच्चीवर काळी पूड झाडणाऱ्याला ही यादी दाखवून काही उपयोग नाही.

पहिली बैठक

उद्योगाची बाजू मांडायची म्हणजे सरकारशी बोलायचं, असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात अर्ध्याहून जास्त वेळ आपल्याच सभासदांशी बोलण्यात जातो. इथे तीन गट होते. इंडक्शनवर गेलेल्यांना १५० आधीपासून लागू होतं, त्यांना या वादात पडायचं कारण नव्हतं. 'आम्ही कर्ज काढून भट्टी बदलली, मग यांना सवलत का?' हा त्यांचा सवाल रास्त होता. दुसरा गट मोठ्या क्युपोलावाल्यांचा. त्यांनाही १५० च होतं, पण आपल्याकडे कोणी फार बारकाईनं बघू नये एवढीच त्यांची इच्छा. तिसरा गट २४ ते ३० इंची भट्टीवाल्यांचा: आठवड्यातून दोनदा मेल्टिंग, काउंटरवेट, शेतीच्या अवजारांचे भाग, पंपाची बॉडी असं जॉबवर्क. पत्र आलं होतं ते यांना.

"एकदम १५० म्हणतात तर भट्टी बंदच करूया की ओ," हे वाक्य अशा बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत येतं. दुसरं येतं ते कोल्हापूरचं: 'शिरोलीला, गोकुळ शिरगावला असं काही नाही, आम्हालाच का?' ही तक्रार निवेदनात घालायचा मोह फार होतो. घालू नये. केंद्राची अनुसूची दोन्ही राज्यांना एकच आहे, कडक करायचा अधिकार दोन्ही मंडळांना आहे आणि शिरोलीतल्या संमतीपत्रांच्या प्रती हातात नसताना केलेली तुलना पहिल्या प्रतिप्रश्नाला गळून पडते. 'आम्ही सीमेपलीकडे जाऊ' ही धमकी त्याहून पोकळ. तिथेही मंडळ आहेच, आणि मोल्डर, फेटलर, पॅटर्नवाला, मशीन शॉप ही सगळी साखळी उचलून कोण नेणार?

याच बैठकीत आणखी एक गोष्ट घडते आणि ती तिथल्या तिथे थांबवावी लागते. खर्चाचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतं, "सगळ्यांनी मिळून किलोला दोन रुपये वाढवूया, कंपन्या देतील." स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ प्रमाणे व्यावसायिकांनी एकत्र बसून भाव ठरवणं बेकायदा आहे, संघटनेच्या बैठकीत ठरवलं म्हणून ते चालत नाही. अध्यक्षानं विषय बंद करायचा आणि इतिवृत्तात तसं लिहायचं. खर्चाची माहिती गोळा करायची तर ती सनदी लेखापालाकडे बंद पाकिटात द्यावी. बैठकीत फक्त सरासरी यावी, कोणाचा कास्टिंगचा भाव येऊ नये.

निवेदनाच्या पहिल्या मसुद्यात 'लहान उद्योगांना सूट द्यावी' एवढंच होतं. इंडक्शनवाल्यांनी सही नाकारली आणि ते बरंच झालं. सूट मागणाऱ्या कागदावर मंडळाचा अधिकारी मनात असूनही काही करू शकत नाही, फायलीवर टिपण लिहायला त्याच्याकडे आधारच नसतो.

मोजणी

सहा भट्ट्या निवडल्या: दोन चांगल्या चालणाऱ्या, तीन मध्यम, एक सगळ्यांना ठाऊक असलेली धुरकट. फक्त चांगल्या निवडल्या असत्या तर अहवालाला किंमत राहिली नसती.

चिमणीतली धूळ मोजायची पद्धत आयएस ११२५५ च्या पहिल्या भागात आहे. चिमणीतून वायू ज्या वेगानं जातो त्याच वेगानं नळीनं तो ओढायचा, म्हणजे आयसोकायनेटिक. नळी हळू ओढते तेव्हा जड कण सरळ आत घुसतात आणि आकडा फुगतो, जोरात ओढते तेव्हा आकडा कमी दिसतो. नमुना घ्यायचं भोक शेवटच्या वळणापासून चिमणीच्या आठ व्यास वर आणि तोंडापासून दोन व्यास खाली हवं. इथेच पहिली अडचण आली: चारही बाजूंना कठडा असलेला प्लॅटफॉर्म सहांपैकी एकाच भट्टीला होता. दोघांनी भोक पाडलं होतं ते वळणाच्या डोक्यावर, वेल्डरला तिथे हात पोचत होता म्हणून. तिथे वायू भोवऱ्यासारखा फिरतो, आकडा कसाही येतो.

वेळ तितकीच महत्त्वाची. कोक पेटवताना आणि शेवटी तळ पाडताना भट्टी वेगळी वागते. पहिला टॅप झाल्यावर, म्हणजे वितळलेला धातू पहिल्यांदा बाहेर काढल्यावर, चार्ज (कोक आणि लोखंडाचा माल) सलग पडत असताना तीन नमुने घ्यायचे. प्रत्येकाच्या वेळी किती किलो कोक, पिग आयर्न, स्क्रॅप आणि चुनखडी टाकली आणि ब्लोअरचा डॅम्पर कुठे होता, हे लिहून ठेवायचं. ही वही नसेल तर प्रयोगशाळेचा अहवाल नुसता आकडा राहतो. प्रयोगशाळाही पर्यावरण कायद्याखाली मान्यता असलेलीच घ्यावी, नाहीतर मंडळ अहवाल बाजूला ठेवतं.

आणि एक पळवाट, जी अधिकाऱ्यांना आपल्यापेक्षा चांगली ठाऊक असते. चार्जिंग दार सताड उघडं ठेवलं की बाहेरची हवा चिमणीत ओढली जाते, धूळ तेवढीच राहते पण घनमीटर वाढतात आणि आकडा आपोआप उतरतो. म्हणून प्रत्येक नमुन्याबरोबर कार्बन डायऑक्साइडचं प्रमाणही नोंदवलं. ते फार कमी दिसलं तर हवा मिसळली असं समजायचं आणि नमुना रद्द करायचा. निवेदन देणाऱ्यानं हे आपणहून केलं की पुढच्या चर्चेत आकड्यांवर वाद होत नाही.

निकाल असे आले असं धरू: दोन भट्ट्या २०० च्या आसपास, तीन ३०० ते ४००, आणि धुरकट भट्टी ५२०, म्हणजे जुन्या मानकातही नापास. तिचा आकडा अहवालात घालायचा की नाही यावर मोठा वाद झाला. तो घातला, पण भट्ट्यांना नावाऐवजी क्रमांक दिले आणि दुरुस्ती करून पुन्हा मोजलेला आकडा शेजारी लिहिला. त्या भट्टीचा दोष साधाच होता. कोक न चाळता तसाच पडत होता, त्यात भुगा भरपूर. कोकचा तुकडा भट्टीच्या व्यासाच्या साधारण एक दशांश हवा, ३० इंची भट्टीला तीन इंच. स्क्रॅपला वाळू चिकटलेली, आणि धातू लवकर यावा म्हणून ब्लोअर गरजेपेक्षा जोरात. कोक चाळला, स्क्रॅप झाडून घेतलं, हवा कमी केली, आकडा ३९० वर आला. १५० वर मात्र यानं येत नाही, आणि ते कबूल केल्यामुळेच पुढचा मुद्दा पटला.

१५० ला काय लागतं

बहुतेक लहान भट्ट्यांवर वेट कॅप असते: चिमणीच्या तोंडावर पाण्याचा पडदा. जाड कण त्यात बसतात, बारीक धूळ आणि धूर निघून जातो. ४५० ला ती पुरते, १५० ला भरवशाची नाही. डिव्हाइडेड ब्लास्ट, म्हणजे दोन पातळ्यांवर हवा सोडणाऱ्या, क्युपोलानं कोक वाचतो, तरी धुळीसाठी वेगळं यंत्र लागतंच.

व्हेंच्युरी स्क्रबरनं, म्हणजे अरुंद गळ्यातून जोरात जाणाऱ्या वायूवर पाणी मारून धूळ धुणाऱ्या यंत्रानं, १५० च्या खाली जाता येतं. पण त्याला दाबाचा मोठा फॅन लागतो, प्रति घनमीटर वायूला साधारण एक लिटर पाणी फिरवावं लागतं आणि ते पाणी कोकमधल्या गंधकामुळे आम्लधर्मी होतं. चुना घालून सामू ७ ते ८ ठेवला नाही तर फॅनचं पातं आणि नळ्या पावसाळ्याच्या पावसाळ्याला बदलाव्या लागतात. खाली साठलेला गाळ कुठे टाकणार हेही संमतीपत्रात दाखवावं लागतं. सगळ्यात नेहमीची चूक फॅन निवडताना होते. फक्त भट्टीच्या वायूचा हिशेब धरतात, दारातून येणारी हवा धरत नाहीत. मग फॅन अपुरा पडतो आणि धूर चिमणीऐवजी चार्जिंग दारातून, काम करणाऱ्यांच्या तोंडावर येतो. कापडी पिशव्यांतून वायू गाळणाऱ्या बॅग फिल्टरची गत वेगळी: ठिणगी आणि गरम वायू थेट गेला की पिशव्या जळतात, वायू फार थंड झाला की ओल धरून गच्च होतात.

तिसरा मार्ग इंडक्शन. 'सगळ्यांनी इंडक्शनवर जावं' हे सोपं वाटतं, म्हणून हिशेब मांडला. टनाला ६०० युनिट, युनिट ८ रुपये धरलं तर ४,८०० रुपये. क्युपोलाला १२ टक्के, म्हणजे टनाला १२० किलो कोक, किलो ४० रुपये धरला तर तेही ४,८००. इंधनात फरक नाही. फरक पडतो हेस्कॉम या वीज कंपनीच्या स्थिर आकारात. ५०० केव्हीएची एचटी (उच्च दाबाची) जोडणी, केव्हीएला महिना ३०० रुपये धरले तर भट्टी चालो न चालो दीड लाख. महिन्याला २५० टन ओतणाऱ्याला ते टनाला ६०० रुपये पडतात. महिन्यात आठ मेल्टिंग, प्रत्येकी पाच टन, म्हणजे ४० टन ओतणाऱ्याला ३,७५०. किलोला पावणेचार रुपये! प्रत्येकानं आपल्या बिलातले दर घालून हे करून पाहावं. लहान फौंड्रीची अडचण सांगणारी पाच पानं लिहिण्यापेक्षा हा एक तक्ता मंडळापुढे ठेवलेला बरा.

घड्याळ

चर्चा चालू आहे म्हणून मुदत थांबत नाही, आणि या एका गैरसमजापायी चांगली प्रकरणं हातची जातात. हवा कायदा, १९८१ च्या कलम ३१ प्रमाणे मंडळाच्या आदेशाविरुद्ध अपील ३० दिवसांत अपील प्राधिकरणाकडे करायचं असतं. संमतीपत्र युनिटच्या नावानं, म्हणून अपीलही युनिटनंच करावं. संघटनेनं एक समान मसुदा आणि एक वकील द्यावा, सह्या ज्याच्या त्याच्या. त्यापुढची पायरी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, कर्नाटकासाठी चेन्नईचं दक्षिण खंडपीठ.

नोंदवलेली कारणं मिळवण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज पहिल्याच दिवशी टाकला. तो संघटनेच्या लेटरहेडवर टाकू नये, हा अधिकार नागरिकाचा आहे, एका पदाधिकाऱ्यानं स्वतःच्या नावानं टाकावा. उत्तराची मुदतही ३० दिवसांचीच, म्हणजे अपीलाच्या तारखेआधी ते हातात पडेल असं धरून चालू नये. कारणं मिळाली नाहीत हाच अपीलाचा एक मुद्दा करायचा.

'बघूया म्हणे, कोण येतंय तपासायला' असं म्हणणाऱ्यांसाठी केंद्रीय मंडळाचं पर्यावरण भरपाईचं सूत्र फळ्यावर लिहिलं. प्रदूषण निर्देशांक, उल्लंघनाचे दिवस, रुपयांचा गुणक, उद्योगाचा आकार आणि गावाच्या लोकसंख्येचा गुणक यांचा तो गुणाकार. मंडळाच्या वर्गवारीत नारंगी (मध्यम प्रदूषणाच्या) गटातलं लघु युनिट, दहा लाखांखालचं शहर: निर्देशांक ५० गुणिले रुपये २५० गुणिले आकाराचे ०.५ गुणिले लोकसंख्येचा १, म्हणजे दिवसाला ६,२५० रुपये. शंभर दिवसांचे सव्वासहा लाख. फळ्यावरचा हा आकडा पाहिल्यावर अपीलाच्या कागदांवर सह्या लवकर झाल्या.

भेटींचा क्रम असा ठेवला: आधी बेळगावचं प्रादेशिक कार्यालय, मग बंगळूरचं मुख्यालय, सोबत जिल्हा उद्योग केंद्र. राज्यभराचा मुद्दा असेल तिथे कासिया (लघुउद्योगांची राज्य संघटना) किंवा एफकेसीसीआय (राज्यातल्या वाणिज्य मंडळांचा महासंघ) यांच्या मार्फत. आमदारांकडे शेवटी. आधी गेलं की खालचा अधिकारी बचावात जातो आणि फायलीवर स्वतः काही लिहायला तयार होत नाही. निवेदनाचं मुख्य पत्र कन्नडमधून एका पानाचं, तांत्रिक जोडपत्र इंग्रजीतून, आणि सभासदांसाठीचं टिपण मराठीतून, कारण चार्जिंगची वही लिहिणारा सुपरवायझर ते वाचणार असतो.

मागणी आणि तिच्याबरोबरची देणी

दुसऱ्या मसुद्यात सूट हा शब्द नव्हता. कारणं द्यावीत, नियम ३(३) प्रमाणे निदान वर्ष द्यावं, आणि वर्षानंतर महिन्याच्या मेल्टिंगच्या तासांप्रमाणे टप्पे पाडावेत, जास्त तास चालणारी भट्टी आधी. बदल्यात लगेच करायच्या गोष्टी लिहून दिल्या: साठ दिवसांत नमुन्याचं भोक, शिडी आणि प्लॅटफॉर्म, चिमणी सहापट (३० इंची भट्टीला चार्जिंग दाराच्या वर १५ फूट), कोक चाळणी, आणि तिमाही चाचणी. इंडक्शनवाल्यांनी या मसुद्यावर सही केली, एका अटीवर: ठरलेल्या टप्प्यात जो भट्टी सुधारणार नाही त्याची बाजू संघटना पुढे मांडणार नाही. हा ठराव करायला दोन बैठका लागल्या आणि आमच्या मते या प्रकरणातली सगळ्यात अवघड पायरी हीच होती.

साच्यांतून निघणाऱ्या वापरलेल्या काळ्या वाळूचा विषय त्याच निवेदनात होता, तो थोडक्यात. साच्याच्या या वाळूत, म्हणजे ग्रीन सँडमध्ये, सिलिका, बेंटोनाइट आणि कोळशाची पूड असते. तिचा ढीग स्वच्छ असेल तर विटा, पेव्हर, भरावाच्या कामाला वापरण्याची परवानगी मागता येते. त्यासाठी घातक कचरा नियम, २०१६ च्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे झिरपणाऱ्या धातूंची चाचणी लागते. गडबड होते ती रेझिनचे कोअर (साच्याच्या आत बसवायचे वाळूचे गाभे), पेंटचा गाळ आणि मशीनचं जुनं तेल त्याच ढिगावर पडतं म्हणून. वापरलेलं तेल पहिल्या अनुसूचीतच घातक आहे, एका डब्यापायी अख्खा ढीग अडतो. निवेदन देण्याआधी ढीग वेगळे करून फोटो आणि चाचणी जोडली, तेव्हा अधिकाऱ्यानं जागा पाहायची तयारी दाखवली.

पदरात काय पडलं

१५० ची अट गेली नाही. सहा महिन्यांचे बारा झाले, मेल्टिंगच्या तासांचे टप्पे मान्य झाले, पण तिमाहीऐवजी दर दोन महिन्यांनी चाचणी आली. वाळूच्या सामायिक जागेचा प्रस्ताव स्वतंत्र फायलीवर गेला. सात जणांनी मिळून एका शेडमध्ये इंडक्शन भट्टी घालायचं ठरवलं. वितळलेला धातू लांब नेता येत नाही, लाडलमध्येच (ओतायच्या भांड्यातच) थंड होतो, म्हणून मोल्डिंग तिथेच हलवावं लागलं. पॅटर्न कोणाचे, वाळू कोणाची, पहिला हीट कोणाला, यावर त्यांचा करार अजून घासला जातो आहे. चौघांनी व्हेंच्युरीची कोटेशनं मागवली. दोघं भट्टी मोडीत काढून मशीन शॉपच ठेवणार आहेत. दोन महिन्यांच्या चाचणीचा खर्च संघटनेनं द्यावा की ज्याची भट्टी त्यानं, हा पुढच्या बैठकीचा पहिला विषय आहे.